हेंडेलचा सीझर आजच्या रंगमंचावर

पाश्चात्त्य संगीतिकेशी, म्हणजे ऑपेराशी, ज्यांचा परिचय बेताचाच आहे अशा रसिकांना बरोक काळातील एखादी राजेरजवाड्यांची संगीतिका प्रथमच पाहताना काही गोष्टी हमखास खटकतात. रंगमंचावर रोमचा विजयी सेनापती उभा असतो, पण त्याचा आवाज स्त्रीच्या आवाजाइतका उंच असतो. तो चार-सहा ओळींचे काव्य सहा-सात मिनिटे गातो. त्याच्या अंगावर रोमन चिलखताऐवजी एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याचा गणवेश किंवा आजचा सूट असतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी मूळ रचनेतूनच आलेल्या असतात, तिसरी दिग्दर्शकाने निवडलेली असते. आधुनिक प्रयोग समजून घ्यायचा असेल तर रचनाकाराने काय ठरवून ठेवले आहे आणि काय मोकळे सोडले आहे हे आधी पाहावे लागते. त्यासाठी गेऑर्ग फ्रीडरिख हेंडेल याची ‘ज्यूलियो चेझारे इन एजित्तो’, अर्थात ‘इजिप्तमधील ज्युलियस सीझर’, ही संगीतिका उत्तम उदाहरण आहे, कारण त्या काळातील संगीतिकांपैकी आज सर्वाधिक वेळा रंगमंचावर येणाऱ्यांत तिची गणना होते आणि गेल्या शंभर वर्षांत तिचे फार वेगवेगळ्या प्रकारचे प्रयोग झालेले आहेत.

साधारणपणे इ.स. १६०० ते १७५० हा युरोपीय संगीतातील बरोक काळ मानला जातो. हेंडेलचा जन्म १६८५ मध्ये जर्मनीतील हाले येथे झाला, इटलीत त्याने संगीतिकेचे तंत्र आत्मसात केले आणि पुढे तो लंडनला स्थायिक झाला. तेथे १७१९ मध्ये उमरावांनी भागभांडवल उभारून इटालियन संगीतिकांसाठी ‘रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक’ नावाची कंपनी काढली होती आणि राजा पहिला जॉर्ज तिला दरवर्षी १००० पौंड देत असे. या कंपनीसाठी हेंडेलने लिहिलेल्या ‘ज्यूलियो चेझारे’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १७२४ रोजी हेमार्केट येथील किंग्ज थिएटरमध्ये झाला आणि त्या पहिल्या फेरीत तेरा प्रयोग झाले. संहिता निकोला हायम याने तयार केली होती. तिचा आधार सतराव्या शतकात व्हेनिसमध्ये झालेल्या एका जुन्या संगीतिकेची संहिता हा होता. इंग्रज प्रेक्षकांपुढे इटालियन गायक इटालियन भाषेत एका रोमन सेनानीची गोष्ट गात होते आणि समोर सत्तेत प्रत्यक्ष वाटा असलेली माणसे बसली होती. प्राचीन राजांच्या कथा त्या काळात इतक्या लोकप्रिय का होत्या याचे उत्तर बरेचसे या शेवटच्या गोष्टीत आहे. राजाने क्षमा करावी की सूड घ्यावा, प्रेम आणि राज्य यांत कशाची निवड करावी, पराभूत शत्रूशी कसे वागावे, हे प्रश्न हयात राजाच्या नावाने विचारणे धोक्याचे होते, सीझरच्या किंवा अलेक्झांडरच्या नावाने विचारणे सोयीचे होते. हेंडेलची १७३१ मधील ‘पोरो’ ही संगीतिका तर अलेक्झांडर आणि आपला पोरस यांच्यावर आहे, आणि तिच्यातही जिंकणाऱ्याचा मोठेपणा कशात असतो हाच विषय आहे.

कथानक इतिहासाच्या चौकटीत बसवलेले आहे, पण इतिहास म्हणून ते वाचता येत नाही. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसच्या लढाईत सीझरने आपला प्रतिस्पर्धी रोमन सेनापती पाँपी याचा पराभव केला, पाँपी इजिप्तला पळाला आणि तेथे किनाऱ्यावरच त्याची हत्या झाली. इजिप्तच्या गादीवर तेव्हा कोवळ्या वयाचा तेरावा टॉलेमी आणि त्याची एकवीस वर्षांची बहीण क्लिओपात्रा यांचा वाद चालला होता. पाँपीचे शिर समोर आणले तेव्हा सीझरने तोंड फिरवले आणि पाँपीची मुद्रेची अंगठी हाती आल्यावर त्याला रडू आले, असे प्राचीन चरित्रकार प्लूटार्क सांगतो. एवढा भाग संगीतिकेने घेतला आहे. मात्र पाँपीची विधवा कॉर्नेलिया आणि मुलगा सेक्स्टस हे टॉलेमीच्या हाती सापडतात, सेनापती अकिलस आणि स्वतः टॉलेमी हे दोघेही कॉर्नेलियाची अभिलाषा धरतात आणि शेवटी सेक्स्टस टॉलेमीला ठार करून पित्याचा सूड उगवतो, ही सारी रचलेली गोष्ट आहे. प्रत्यक्षात टॉलेमी इ.स.पू. ४७ मध्ये लढाईनंतर नाईल नदीत बुडाला, आणि सेक्स्टस हा कॉर्नेलियाचा सख्खा मुलगाही नव्हता. संगीतिका सीझर-क्लिओपात्रा यांच्या मीलनावर संपते. सीझरचा पुढचा खून आणि क्लिओपात्राची पुढची आत्महत्या प्रेक्षकाला ठाऊक असते, पण त्यांचा उच्चार होत नाही.

प्रयोग कोणत्या काळात घडतो असे दाखवावे याविषयीचा वाद येथूनच सुरू होतो, आणि त्यात एक गैरसमज फार रुजलेला आहे. सीझरला सूट घातला की मूळ कलाकृतीतील प्राचीन रोम आणि प्राचीन इजिप्त नाहीसे झाले, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. परंतु मूळ कलाकृतीत प्राचीन इजिप्त नव्हताच. त्या काळी नायक रोमन चिलखताची आठवण करून देणारा, पण आपल्याच काळातील दरबारी शिवणीचा पोशाख आणि डोक्यावर पिसांचा मोठा तुरा घालत असे, आणि नायिका त्या वेळच्या उंची झग्यात वावरत. टॉलेमीच्या राजवाड्यात संहितेने चक्क जनानखाना दाखवला आहे आणि त्याच्या बागेत कॉर्नेलियाला खुरपणी करायला लावली आहे. हा जनानखाना अलेक्झांड्रियातील ग्रीक राजघराण्याचा नसून अठराव्या शतकातील युरोपीय माणसाने कल्पिलेल्या तुर्की सुलतानाचा आहे. म्हणजे १७२४ सालचा प्रयोग हादेखील आपल्या काळाच्या कपड्यांतला आणि आपल्या काळाच्या समजुतींतला प्रयोग होता. उत्खननात सापडलेल्या वस्तूंवरून हुबेहूब इजिप्त उभारण्याची हौस एकोणिसाव्या शतकातली आहे, हेंडेलच्या रंगभूमीला ती माहीतही नव्हती.

मग हेंडेलने ठरवले काय? त्याने वेळ ठरवला, आणि दिग्दर्शकाची खरी परीक्षा तेथेच होते. या संगीतिकेत घटना पुढे जातात त्या रेसिटेटिव्हमध्ये, म्हणजे हार्पसिकॉर्ड हे कळपट्टीचे वाद्य, चेलो आणि थिऑर्बो हे लांब मानेचे तंतुवाद्य यांसारख्या मोजक्या वाद्यांच्या साथीने बोलण्याच्या लयीत गायलेल्या संवादात. एखादी बातमी आली, कोणी कोणाला पकडले, कोणी वेष पालटला, हे सर्व तेथे झपाट्याने होते. त्यानंतर एखादे पात्र त्या घटनेवरची आपली भावना एका आरियात, म्हणजे स्वतंत्र गीतात, मांडते आणि बहुधा गीत संपताच विंगेत निघून जाते. सीझर आणि क्लिओपात्रा यांच्या वाट्याला प्रत्येकी आठ आरिया आहेत, बाकीच्यांच्या वेगळ्या, आणि मध्यंतरांसह पूर्ण प्रयोगाला चार तासांच्या आसपास वेळ लागतो.

बहुतेक आरियांची घडण ‘दा कापो’ पद्धतीची असते. या इटालियन शब्दांचा अर्थ ‘पुन्हा सुरुवातीपासून’ असा आहे. पहिला भाग विस्ताराने गायला जातो, त्यानंतर वेगळ्या भावाचा, बहुधा लहान असा दुसरा भाग येतो आणि मग पहिला भाग शब्दशः पुन्हा गायला जातो, फक्त या वेळी गायक आपल्या मनाने आलंकारिक स्वर, ताना आणि थांबे त्यात घालतो. आपल्याकडे बंदिशीत अंतरा गाऊन स्थायीवर परतल्यावर तीच ओळ वेगळ्या वजनाने ऐकू येते, तसाच हा अनुभव आहे. मात्र बैठकीत गवई बसलेला असतो आणि त्याच्याकडून अभिनयाची अपेक्षा नसते, तर येथे तो उभा असतो, त्याच्या हातात तलवार असते, समोर शत्रू असतो आणि कथेत मात्र सहा मिनिटे काहीही घडत नाही. विसाव्या शतकातील अनेक दिग्दर्शकांना ही घडण नाट्याला मारक वाटली आणि त्यांनी दुसरा भाग व पुनरावृत्ती सरळ कापून टाकली. मला हा उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो, कारण हेंडेलने आपले नाट्य नेमके त्या परतण्यात ठेवलेले आहे.

पहिल्या अंकातील ‘वा ताचितो ए नास्कोस्तो’ ही सीझरची आरिया पाहावी. टॉलेमी दरबारात सीझरचे गोड बोलून स्वागत करतो आहे आणि सीझरला त्याचे कपट कळलेले आहे. पहिल्या भागात सीझर फक्त इतकेच गातो की शिकारीची हाव सुटलेला धूर्त पारधी गुपचूप, लपतछपत जातो. साथीला शिकारीचे वाद्य असलेला एकच हॉर्न आहे आणि तो गायकाच्या मागोमाग दबक्या पावलांनी चालतो. दुसऱ्या भागात सीझर म्हणतो की ज्याच्या मनात वाईट करण्याचे असते त्याला आपल्या अंतरातील कपट कोणाच्या दृष्टीस पडू नये असे वाटते. येथे रूपकाचा पडदा दूर होतो. त्यामुळे पहिला भाग परत येतो तेव्हा तो पारधी कोण हे सीझरला, टॉलेमीला आणि प्रेक्षकाला, तिघांनाही ठाऊक झालेले असते, आणि निरुपद्रवी वाटलेली तीच ओळ आता उघड धमकी बनते. दिग्दर्शकाने दोन्ही वेळा गायकाला एकाच जागी उभे केले तर प्रेक्षक कंटाळतो आणि त्याचा दोष हेंडेलवर जातो. स्कॉटिश दिग्दर्शक डेव्हिड मॅकविकर याने इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न महोत्सवात २००५ साली केलेल्या प्रयोगात या आरियाला दरबारी नृत्याचे रूप दिले होते: दोन्ही बाजूंची माणसे रीतीप्रमाणे नम्रपणे पावले टाकत एकमेकांना जोखत राहतात आणि शिष्टाचार जितका नेमका तितका धोका अधिक जाणवतो. हॉर्नची चाल आणि पात्रांची चाल एक झाल्यामुळे पुनरावृत्ती हीच एक घटना होते.

तिसऱ्या अंकातील क्लिओपात्राच्या ‘प्यांजेरो ला सोर्ते मिया’ या आरियात हा प्रश्न अधिक अवघड आहे. सीझर समुद्रात बुडाला असे तिला वाटते आहे आणि ती भावाच्या कैदेत आहे. पहिला भाग अत्यंत संथ आहे: जीव असेपर्यंत मी माझ्या दुर्दैवावर रडत राहीन. दुसऱ्या भागात संगीत एकाएकी उसळते: मेल्यानंतर मात्र भूत होऊन मी त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळीन. आणि त्यानंतर पुन्हा तेच संथ रडणे. दुसऱ्या भागात गायिकेने साखळ्या आपटाव्यात, धावावे, पहारेकऱ्याच्या अंगावर जावे, हे कोणालाही सुचते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे, की एवढा संताप बाहेर पडल्यावर ती पुन्हा त्याच शब्दांकडे का परतते. संतापाने काही साधत नाही हे कळल्यामुळे तिचे रडणे आता खोल गेले आहे, की संताप बोलून दाखवल्याने तिला धीर आला आहे आणि हे दुसरे रडणे पहिल्यापेक्षा शांत आहे? गायिका कोणते आलंकारिक स्वर घेते, किती हळू गाते, हार्पसिकॉर्डवादक तिला किती मोकळीक देतो, हे सर्व या उत्तरावर अवलंबून राहते. म्हणून चांगल्या तालमीत दिग्दर्शक आणि वाद्यवृंदाचा संचालक एकत्र बसतात. अलंकार आधी ठरवून त्यावर अभिनय चिकटवला, किंवा अभिनय ठरवून नंतर ताना बसवल्या, तर दोन्ही उपरे वाटतात.

स्वतः हेंडेलही या साच्याचा गुलाम नव्हता. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला क्लिओपात्रा ‘लिदिया’ नावाच्या दासीच्या वेषात सीझरला मोहात पाडण्यासाठी काव्यदेवतांच्या पर्वताचा देखावा उभा करते आणि रंगमंचावरच एक छोटा वाद्यवृंद बसवून ‘वादोरो, पुपिल्ले’ ही आरिया गाते. त्या वाद्यवृंदात वीणेसारखी हार्प आहे, थिऑर्बो आहे, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायची व्हिओला दा गाम्बा आहे. दुसरा भाग संपतो आणि नियमाप्रमाणे पहिला भाग परत यायचा, तोच सीझर मध्येच बोलून उठतो की स्वर्गातल्या देवाकडेही या गाण्याच्या तोडीचे संगीत नाही. त्यानंतर क्लिओपात्रा पुन्हा सुरू करते. साच्यातील पुनरावृत्ती येथे सीझरच्या शरणागतीचा परिणाम बनली आहे: त्याने दाद दिली म्हणून तिने पुन्हा गायले. तसेच पाँपीच्या अस्थिकलशापुढे सीझर जे ‘आल्मा देल ग्रान पोंपेओ’ गातो, त्यात पुनरावृत्ती मुळीच नाही. वाद्यवृंदाच्या साथीने चाललेले ते स्वगत आहे, त्यातील स्वराधार सतत सरकत राहतात, आणि जग जिंकलेला माणूस तेथे म्हणतो की मनुष्याचे आयुष्य एका श्वासाने घडते आणि एका फुंकरीने विझते. येथे दिग्दर्शकाने शक्य तितके कमी करावे असे माझे मत आहे. कलश, माणूस आणि प्रकाश एवढे पुरते.

आता आवाजाकडे वळू. १७२४ मध्ये सीझरची भूमिका सेनेसिनो या कास्त्रातोने गायली होती. लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे अशा पुरुष गायकांना कास्त्रातो म्हणत; मोठ्या माणसाची छाती व फुप्फुसे आणि मुलाच्या स्वरयंत्राची उंची यांच्या संयोगातून त्यांचा आवाज तयार होई. ही प्रथा क्रूर होती यात संशय नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला मात्र असा उंच आवाज बायकी वाटत नसे. देव, वीर आणि राजे यांचा तोच आवाज, असा संकेत होता. टॉलेमीची भूमिका करणाराही कास्त्रातोच होता, तर सेक्स्टसची भूमिका मार्गेरिता दुरास्तांती या स्त्रीने केली होती. क्लिओपात्रा होती फ्रांचेस्का कुत्सोनी. आज कास्त्रातो नाहीत. त्यांच्यापैकी ज्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे असा अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये वारला. योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे ओस्कार हागेन याने ‘ज्यूलियो चेझारे’ दीर्घकाळाच्या विस्मृतीनंतर पुन्हा रंगमंचावर आणली.

हागेनने सीझरचे गाणे एक सप्तक खाली उतरवून बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या, गायकाला दिले, भाषा जर्मन केली आणि पुष्कळ काटछाट केली. न्यूयॉर्क सिटी ऑपेराच्या १९६६ च्या प्रयोगातही सीझर खर्जातील आवाजाचा नॉर्मन ट्रीगल होता. त्याच प्रयोगाने क्लिओपात्रा झालेल्या बेव्हर्ली सिल्सला मोठी कीर्ती मिळवून दिली. सेनापती म्हणजे भारदस्त आवाज, हे आधुनिक कानाला पटते. परंतु सप्तक बदलले की गीताची वीणच बदलते. हेंडेलने सीझरचा स्वर व्हायोलिनांच्या शेजारी, त्यांच्याशी गुंफलेला ठेवला आहे. तो खाली नेल्यावर गायक चेलोच्या पट्टीत जाऊन बसतो, वरच्या स्वरांशी चाललेला त्याचा संवाद तुटतो आणि वेगवान ताना जड होतात. म्हणून आता दोनच पर्याय प्रचलित आहेत: ही भूमिका मेझो-सोप्रानो, म्हणजे मध्यम पट्टीच्या स्त्री-आवाजाच्या, गायिकेने करायची किंवा काउंटरटेनरने, म्हणजे खोट्या सुराचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या पुरुषाने. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने १९७९ मध्ये जॅनेट बेकरला सीझर केले, ग्लाइंडबोर्नला २००५ मध्ये सारा कॉनोली सीझर होती, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तोच प्रयोग २०१३ मध्ये गेला तेव्हा डेव्हिड डॅनिएल्स हा काउंटरटेनर होता. यांत खरा कोण असा वाद घालण्यात अर्थ नाही. खुद्द हेंडेलने १७२५ च्या पुनर्प्रयोगात सेक्स्टसची भूमिका बोरोसिनी या टेनर, म्हणजे वरच्या पट्टीच्या नैसर्गिक पुरुषी आवाजाच्या, गायकासाठी नव्याने लिहून दिली होती, म्हणजे हाताशी कोण आहे हे पाहूनच तोही काम करत होता. अनेक गायिका पुरुषाची चाल, बसण्याची ढब आणि तलवारीचे वजन इतक्या मेहनतीने अंगी बाणवतात की काही मिनिटांत प्रेक्षक आवाजाचा विचार सोडून देतो.

प्रयोगाचा काळ निवडताना दिग्दर्शकाने स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की या गोष्टीत सत्ता कोणाकडे आहे आणि आजच्या प्रेक्षकाला ती कोणत्या रूपात ताबडतोब ओळखू येईल. अमेरिकन दिग्दर्शक पीटर सेलर्सने १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पर्चेस येथे केलेल्या प्रयोगात सीझर हा मध्यपूर्वेच्या भेटीवर आलेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता आणि कथा एका आलिशान हॉटेलात घडत होती. २०१२ च्या साल्झबुर्ग महोत्सवात मोशे लायझर आणि पात्रिस कोरिये यांनी तेलासाठी चाललेले अलीकडचे युद्ध दाखवले; त्यात क्लिओपात्रा चेचिलिया बार्तोली होती आणि सीझर आंद्रेआस शोल. मॅकविकरने मात्र वर्तमानकाळ न घेता ब्रिटिश साम्राज्याचा काळ निवडला, कारण १८८२ पासून इजिप्तवर प्रत्यक्ष ब्रिटिश सैन्याचा अंमल होता आणि इंग्लंडमधील प्रेक्षकाला परकीय भूमीत पाय ठेवणारा विजेता म्हणजे आपलाच पूर्वज, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मॅकविकरच्या प्रयोगाशी आपला एक खराखुरा धागाही जुळतो. डॅनिएल दे नीस हिने केलेल्या क्लिओपात्राच्या वेगवान आरियांना अँड्र्यू जॉर्ज याने मुंबईच्या हिंदी चित्रपटांतील नृत्यांवर बेतलेल्या हालचाली दिल्या होत्या, आणि गुंतागुंतीच्या ताना घेत असतानाच ती गायिका नाचत होती. काही टीकाकारांना हा केवळ चटपटीतपणा वाटला. मला त्यामागचा विचार योग्य वाटतो. ‘दा कापो’ आरिया आणि हिंदी चित्रपटातील गाणे यांच्यात कथा थांबवून भावनेचा विस्तार करण्याची रीत समान आहे, आणि मुखडा परत आला की पावलेही परत येतात, पण जरा वाढवून, हे ज्याला नृत्यदिग्दर्शन म्हणून ठाऊक आहे त्याला हेंडेलची पुनरावृत्ती हाताळणे कठीण जात नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो दुसरीकडे घेता येतो. इजिप्तची राणी, तुर्की टोप्या, भारतीय नृत्य आणि इंग्रजी गणवेश हे सर्व एकत्र आले की ‘पूर्वेकडचे’ म्हणून सगळे एकाच पोत्यात भरण्याची जुनी युरोपीय खोड पुन्हा डोके वर काढते. हा धोका संहितेतच आहे, कारण तीत रोमन माणूस उदार आणि इजिप्शियन राजा कपटी, विलासी व भित्रा दाखवला आहे. दिग्दर्शकाने साम्राज्याचा काळ निवडला की ही विभागणी झाकता येत नाही, आणि मॅकविकरने ती झाकली नाही हे त्याच्या प्रयोगाचे बळ आहे: त्याचा सीझर रुबाबदार आहे, पण त्याच्यामागे बंदुका घेतलेले सैन्य सतत दिसत राहते.

कॉर्नेलियाच्या प्रवेशांबाबत आजचा दिग्दर्शक १७२४ च्या प्रेक्षकासारखा निर्धास्त राहू शकत नाही. पतीचे शिर पाहिलेली ही स्त्री सबंध संगीतिकाभर पुरुषांच्या जबरदस्तीला तोंड देते. अकिलस तिला मागणी घालतो, टॉलेमी तिच्या अंगावर हात टाकतो. तिचे गायन बहुतेक संथ आणि शोकाचे आहे, आणि म्हणूनच तिला नुसती रडणारी मूर्ती करून टाकण्याचा मोह होतो. पण पहिल्या अंकाच्या अखेरीस आई आणि मुलगा यांना वेगळे करताना त्यांचे जे युगुलगीत आहे ते संपूर्ण रचनेतील सर्वांत हृदयद्रावक संगीत आहे, आणि ते विजेत्यासाठी नाही, क्लिओपात्रासाठीही नाही. राजांच्या खेळात जी चिरडली जातात त्यांना हेंडेलने असे संगीत दिले आहे याचा मान राखायचा तर टॉलेमीच्या अत्याचाराला विनोदी किंवा शोभिवंत करून चालत नाही.

तांत्रिक बाजूचे दोन-तीन मुद्दे थोडक्यात सांगतो. हेंडेलच्या काळात प्रेक्षागृहातील मेणबत्त्या प्रयोगभर जळत असत आणि प्रेक्षक इटालियन व इंग्रजी मजकूर समोरासमोर छापलेली पुस्तिका हातात धरून वाचत असत. आज प्रेक्षागृहात अंधार असतो आणि रंगमंचाच्या वर अनुवादित शब्द प्रकाशित होतात, ज्याची सुरुवात १९८३ मध्ये टोरांटोला झाली. आरियात तीच ओळ वारंवार येत असल्यामुळे हा अनुवाद एकदाच दाखवून पाटी कोरी ठेवणे इष्ट असते, म्हणजे नजर गायकाकडे राहते. त्या काळी दृश्ये पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलत: रंगवलेल्या फळ्यांच्या जोड्या खाचांतून सरकत आणि बागेचा क्षणार्धात महाल होई. स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोल्म येथील १७६६ चे नाट्यगृह आणि आजच्या चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया प्रांतातल्या चेस्की क्रुम्लोव्ह येथील किल्ल्यातील नाट्यगृह येथे अशी यंत्रणा अजून शाबूत आहे. मॅकविकरने एकोणिसाव्या शतकातील गणवेशांमागे समुद्र दाखवला तो मात्र याच जुन्या पद्धतीने, गोल फिरणाऱ्या लाटांच्या लाटण्यांनी. आजच्या पुष्कळ प्रयोगांत एकच स्थिर नेपथ्य असते आणि मग गीत संपवून जाणाऱ्या पात्राला जायला जागाच उरत नाही. मूळ रचनेतील ये-जा इतकी काटेकोर आहे की नेपथ्यकाराने पहिल्याच दिवशी दारे मोजून घ्यावीत.

शेवटचा प्रवेश सर्वांत अवघड आहे. टॉलेमी मेलेला आहे, अकिलसही मेलेला आहे, सीझर क्लिओपात्राच्या मस्तकी मुकुट ठेवतो आणि ती उत्तर देते की हे राज्य तुझेच दान आहे, मी तुझी मांडलिक राणी. मग दोघांचे आनंदी युगुलगीत आणि हॉर्नांच्या गजरातील समूहगीत होते. पहिल्या जॉर्जच्या काळातील प्रेक्षकाला हा सुखान्त होता. आजच्या प्रेक्षकाला त्याच वेळी असेही दिसते की एक स्वतंत्र राज्य नुकतेच रोमच्या हाती गेले. संगीतात कोठेही उपरोध नाही. तो बाहेरून लादला तर गायक आणि वाद्यवृंद एक गोष्ट सांगतात व रंगमंच दुसरीच, आणि दोघांचेही नुकसान होते. मॅकविकरने यावर काढलेला तोडगा संगीताच्याच आधाराने आलेला आहे. हेंडेलच्या काळी अखेरच्या समूहगीतासाठी वेगळा गायकवृंद नसे, एकल गायकच एकत्र येऊन ते गात, आणि खर्जाच्या ओळीसाठी कथेत मेलेल्या पात्राच्या गायकालाही विंगेतून गावे लागे. मॅकविकरने त्या मेलेल्यांना विंगेत न ठेवता रक्ताळलेल्या कपड्यांनिशी रंगमंचावरच आणले आणि विजयोत्सवात जिवंतांच्या बरोबरीने उभे केले. स्वरलिपीतील एकही स्वर त्यासाठी बदलावा लागला नाही.